पात, कांदा, बी

कांद्याच्या पातीतलं प्रत्येक पान जमिनीशी पोचलं की कांद्याचा एक पापुद्रा होतं. वर दिसते ती हिरवी नळी आणि खाली फुगतो तो मांसल थर, दोन्ही एकाच पानाचे भाग. हे ध्यानात आल्यापासून मी पात खुडताना थांबून विचार करते. एका रोपाकडून आपण सगळं मागू शकत नाही. भाकरीसोबत कोवळी पात हवी, उन्हाळाभर टिकणारा कांदा हवा, की पुढच्या वर्षासाठी बी हवं, हे आधी ठरवावं लागतं. परसबागेतली कांद्याची शेती म्हणजे मुख्यतः हे ठरवणं.

यवतमाळची काळी माती कपाशीची. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. कपाशीचं सोटमूळ खोल जातं, ते निभावून नेतं. कांद्याची मुळं मात्र दोऱ्यासारखी बारीक, बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत. भेग पडली की ती तुटतात, पाणी साचलं की कुजतात. म्हणून आमच्याकडे सपाट वाफ्यात कांदा लावू नये, गादीवाफाच करावा: वीतभर उंच, कडेने पाणी निघून जाईल असा. त्यात कुजलेलं शेणखत सढळ हाताने मिसळावं. जमीन करायची ती वापशावर. मूठभर माती दाबून बघायची. गोळा व्हावा, पण बोटांना चिकटू नये, आणि हातातून सोडला की फुटावा. चिखलात खुरपं घातलं तर जी ढेकळं होतात, ती पुढे वाळून दगडासारखी बसतात.

बी टाकायचं पाऊस ओसरताना, दसऱ्याच्या आगेमागे. ओळीत, जेमतेम झाकेल इतक्याच मातीखाली. आठ-दहा दिवसांत अंकुर वाकलेल्या सुईसारखा वर येतो आणि मग सरळ होतो. दीड-दोन महिन्यांत रोप लागवडीला तयार. कांद्यासाठी ठेवायची रोपं १५ सेंटीमीटर अंतराच्या ओळींत, दोन रोपांत १० सेंटीमीटर ठेवून लावावीत. पातीसाठीची याहून दाट लावली तरी चालतात, कारण ती एकेक करून मुळासकट उपटायची असतात. उपटल्यावर शेजारच्या रोपांना जागा मिळते. असं केलं की एकाच वाफ्यातून हिवाळाभर झुणक्याला पात मिळते आणि उरलेल्या रोपांचं एकही पान कापावं लागत नाही.

याच कुळातल्या एका परदेशी भाजीकडून मी एक गोष्ट घेतली आहे. लीक नावाची ही भाजी युरोपात घरोघरी रांधतात. वेल्समध्ये तर तिला राष्ट्रीय चिन्हाचा मान आहे. लीकला गड्डा धरत नाही. एकात एक गुंडाळलेल्या पानांचा जाड दांडा, तोच खायचा. तो पांढरा आणि कोवळा राहावा म्हणून तिथले लोक रोप वाढेल तशी बुडाशी मातीची भर चढवत जातात. उजेड न लागलेला भाग हिरवा होत नाही, चरचरीतही होत नाही. पातीच्या कांद्याला हीच भर दोन-तीन वेळा, थोडी थोडी, दिली तर बोटभर लांब पांढरा दांडा मिळतो. तो बेसनात परतला की गोडसर लागतो. माती मात्र भुसभुशीत हवी आणि ती पानांच्या बेचक्यात जाता कामा नये, नाहीतर दांड्याच्या थराथरांत कचकच येते.

पाण्याबद्दल यवतमाळकराला वेगळं सांगावं लागत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा एकेका गुंडभर पाण्याचं मोल सगळ्यांना कळलं. परसबाग जगवायची तर तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी विसळलेलं पाणी वाफ्याला गेलं पाहिजे, साबणाचं नाही. उथळ मुळांच्या या पिकाला थोडं पण वेळेवर पाणी मानवतं. दोन ओळींत सोयाबीनचं कुटार किंवा वाळलेला पाला अंथरला की ओल टिकते आणि भेगाही कमी पडतात.

पातीवर फुलकिडे येतात. पानांच्या बेचक्यात बसून ते रस शोषतात आणि पानांवर पांढुरके चट्टे उमटतात. त्यावर मी पाच टक्के निंबोळी अर्क मारते: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, लिटरभर द्रावण. संध्याकाळी फवारायचा, उन्हात नाही. यापलीकडचं औषध या वाफ्यावर येणार नाही, हा माझा नियम आहे. २०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ज्या जिल्ह्याने हे सोसलं, तिथे कच्ची खायची पात तरी निर्धोक असावी. शेतात विष टाळणं एकट्यादुकट्याच्या हातात नसेल, अंगणात ते नक्की आहे. आणि शेतातही ते अशक्य नाही. यवतमाळचे सुभाष शर्मा यांनी अनेक दशकं नैसर्गिक शेती करून दाखवली आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पात आणि कांदा पहिल्याच हंगामात हाती येतात. बी मात्र दुसऱ्या हिवाळ्याची वाट बघायला लावतं. उन्हाळ्यात काढलेल्यांतले एकसारखे, बारीक मानेचे, जोड नसलेले कांदे निवडायचे आणि हवेशीर जागी पावसाळा पार करवायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते पुन्हा जमिनीत लावायचे. थंडीत त्यांना डेंगळे येतात, त्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे फुलतात आणि मधमाशा सकाळपासून तिथे रांगा लावतात. कांद्याचं परागीभवन बहुतांशी त्यांच्याच भरवशावर, म्हणून त्या दिवसांत निंबोळी अर्कसुद्धा नको. शेजारी दुसऱ्या रंगाचा कांदा फुलत असेल तर दोघांचा संकर होतो, हेही सांभाळायचं. गोंड्यातली काही बोंडं तडकून आतलं काळं, कोनेदार बी दिसू लागलं की गोंडे कापून सावलीत वाळवायचे.

लीकला आमच्याकडे असं बी धरत नाही. त्याला फुलावर यायला लागते तेवढी दीर्घ थंडी आमच्या हिवाळ्यात नसते. ते लावायचं तर दर वर्षी बियांची पुडी विकत आणायची. कपाशीबद्दल हे आपण चांगलंच जाणतो. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि संकरित बियाण्याची पाकिटं दर जूनमध्ये विकत घेणं हा पेरणीचाच भाग झाला. संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या पिढीत एकसारखं उतरत नाही. पेरण्याआधीच पैसा निघतो, आणि काय पेरायचं याचा निर्णयही घराबाहेर जातो.

म्हणून मी पातीच्या कांद्याला धरून आहे, आणि तोही सरळ वाणाच्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘अकोला सफेद’ असो की गावातलं जुनं लाल बी असो, वाण असा घ्यावा की ज्याचं बी आपल्याला पुन्हा धरता येईल. कांद्याचं बी साध्या साठवणीत वर्षभरच नीट उगवतं, पुढे त्याचा जोर ओसरतो. दर हिवाळ्यात काही कांदे बियांसाठी सोडावेच लागतात. हे बंधन मला मोलाचं वाटतं, कारण ते पाळणाऱ्या घरात बियाण्याचा धागा तुटत नाही. तुमच्याकडे चार हात जागा असेल तर एक ओळ पातीची लावा, एक कांद्याची, आणि कोपऱ्यात पाच-दहा कांदे डेंगळ्यांसाठी राखा. बी जास्त झालं तर शेजारी द्या. एखाद्या वर्षी तुमचं गेलं, तर ते त्यांच्याकडून परत मागता येईल.