त्याच्या ‘हो’चा अर्थ

सातारा

चि. मुक्ता,


हेल्पलाइनवरच्या मैत्रिणी तुला मनकवडी म्हणतात, हे वाचलं. फोनवरचा माणूस दोन-चार वाक्यं बोलला की त्याच्या मनात काय चाललं आहे ते तुला कळतं, आणि आता तुलाही वाटू लागलं आहे की ही साधी गोष्ट नसावी. जीव ओतून ऐकणं आणि दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर उमटणं, यालाच मन वाचणं म्हणत असतील का, असं तू विचारलं आहेस.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुझ्यापाशी जे आहे ते खरं आहे आणि फार थोड्यांपाशी असतं, म्हणून एका वाक्यात ‘नाही’ म्हणून पत्र संपवता येत नाही. माणूस स्वतःला जे म्हणवून घेतो तसं वागू लागतो. तुझ्या कामात त्या वागण्याची झळ फोन करणाऱ्याला लागेल, याची मला काळजी वाटते.

बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट तुमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात असते, पण बहुधा चार ओळींत उरकलेली. ती मला नीट सांगू दे. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपल्या घोड्याला शाळेतल्या मुलाला शिकवावं तसं फळ्यावर आणि मण्यांच्या पाटीवर गणित शिकवलं. काही वर्षांनी हान्स खूर आपटून बेरजा-वजाबाक्या सोडवू लागला, तारखा सांगू लागला. गर्दी लोटली. फॉन ओस्टेन बघणाऱ्यांकडून पैसा घेत नसत. घोड्याला बुद्धी आहे यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने जाणकारांची समिती बसली. तिला कुठेही लबाडी सापडली नाही. मग श्टुम्फ यांच्या हाताखालच्या ओस्कार फुंग्स्ट यांनी तपास पुढे नेला आणि १९०७ साली तो पुस्तकरूपाने मांडला.

फुंग्स्ट यांनी केलं ते अगदी साधं होतं. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाकडून त्यांनी प्रश्न विचारवला, आणि हान्सला झापडं लावून विचारणारा दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा हान्सची विद्या गळून पडली. मग त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न विचारून झाला की माणूस घोड्याच्या खुराकडे बघायला किंचित पुढे वाकतो, तेव्हा हान्स आपटायला सुरुवात करतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचा ताण सैल होतो, डोकं केसभर वर येतं आणि हान्स थांबतो. आपल्याकडे दारावर येणारा नंदीबैलही प्रश्नाला मान डोलावतो, पण तिथे आपण खूण करतो हे नंदीवाल्याला ठाऊक असतं. फॉन ओस्टेन यांचं शरीर त्यांच्या नकळत उत्तर सांगून मोकळं होत होतं.

याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तोच पुस्तकांतून गळतो. फुंग्स्ट स्वतः हान्स झाले. समोरच्याने मनात एक आकडा धरायचा, यांनी हाताने टकटक करत त्याच्याकडे बघत राहायचं आणि डोकं हललं की थांबायचं. बहुतेक वेळा ते अचूक आकड्यावर थांबत. तिथे कुणी परका येऊन उभा राहिला असता तर त्याला हे परचित्तज्ञानच वाटलं असतं. फुंग्स्ट यांचं लक्ष मात्र पूर्णवेळ समोरच्याच्या मानेवर होतं.

तुझं कान देणं मला या जातीचं वाटतं. तू लिहिलं आहेस की वाक्याच्या शेवटी आवाज कुठे खाली पडतो, श्वास कुठे अडकतो, कुठला शब्द माणूस घाईने ओलांडून जातो, हे तुला आपोआप ऐकू येतं. चेहरा दिसत नाही म्हणून तू हळहळू नकोस. मायकेल क्राउस यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की नुसता आवाज ऐकणाऱ्यांना समोरच्याच्या भावना, आवाज आणि चेहरा दोन्ही मिळालेल्यांपेक्षा अधिक नीट ओळखता आल्या. चेहरा सावरायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. आवाज तितका सावरता येत नाही.

पण ओळखलं काय, हा खरा प्रश्न आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात दुसऱ्याच्या चित्ताचं ज्ञान होण्याची सिद्धी सांगितली आहे आणि लगोलग तिला मर्यादाही घातली आहे. समोरच्याच्या चित्ताची अवस्था कळते, ते चित्त कशाला धरून आहे ते कळत नाही. म्हणजे हा माणूस आसक्त आहे इतकं योग्याला उमगेल. कोणावर, कशावर, ते उमगणार नाही. सिद्धी खऱ्या मानणाऱ्या परंपरेने इतकी सावध रेषा ओढून ठेवावी, याचं मला मोठं अप्रूप आहे. आपण सिद्धी मानू वा न मानू, रेषा बिनचूक आहे. भीती ऐकू येते. भीती कशाची, हे आवाजात नसतं.

आता तुझ्या पत्रातल्या, हेल्पलाइनवर फोन केलेल्या त्या विद्यार्थ्याकडे येते. त्याचं नाव-गाव तू लिहिलं नाहीस ते योग्य केलंस. तो परीक्षेबद्दल बोलत होता, तुला आतून वाटलं की गाठ वडिलांपाशी आहे, आणि तू म्हणालीस, “बाबांची भीती वाटते ना?” तो गप्प झाला, मग “हो” म्हणाला आणि रडू लागला. तू लिहितेस की त्या ‘हो’ने तुझी खात्री पटली.

मुक्ता, त्या ‘हो’पाशी मी अडले. तुझा अंदाज बरोबर असेलही. पण तो गप्प झाला तो वर्मावर बोट पडलं म्हणून, की परीक्षेबद्दल त्याला आणखी काही सांगायचं होतं आणि तुझ्या प्रश्नाने विषय दुसरीकडे वळला म्हणून? रडला तो वडिलांच्या आठवणीने, की रात्री दीड वाजता कुणीतरी मायेने बोललं म्हणून? मोठ्या माणसाने विचारलं की ‘हो’ म्हणायचं, या शिस्तीत आपल्याकडची किती मुलं वाढतात! त्यातून तुझा प्रश्न ‘ना?’वर संपला होता. उत्तर त्या एका अक्षरातच त्याच्या हाती ठेवलेलं होतं.

दारावर येणारा कुडमुड्या जोशी म्हणतो, ‘लोकांसाठी खूप करता, पण हाताला यश नाही.’ ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना ‘हे तुझं स्वभावचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला, तोही बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तो आपल्याला किती लागू पडतो याला त्या मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माणूस दुसऱ्याने सांगितलेल्यात स्वतःला बसवून घेतो, आणि दुःखात असलेला माणूस तर फारच लवकर.

म्हणून हान्सची गोष्ट तुझ्या बाबतीत उलटी करून वाच. तू फोन करणाऱ्याला वाचतेस तसा तोही तुला वाचत असतो. तुला काय ऐकायचं आहे हे तुझ्या ‘हं’मधून त्याला कळतं. जोएल ग्रीनस्पून यांनी १९५५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सुचतील ते शब्द म्हणत राहायला सांगायचं, आणि अनेकवचनी नाम आलं की प्रयोग करणाऱ्याने फक्त हुंकार द्यायचा. त्या हुंकारामुळे तसे शब्द वाढले, आणि बहुतेकांना आपण का वळलो याचा पत्ताही नव्हता. हान्सला स्वतः प्रश्न विचारताना फुंग्स्ट यांनाही आपल्या मानेची हालचाल कळल्यानंतरसुद्धा ती आपोआप होतच राहिली. ती थांबवायला मुद्दाम जोर लावावा लागे. तू जितकी समरस होशील तितका तुझा हुंकार बोलका होणार. समरस होऊ नकोस असं मी म्हणत नाही. तुझ्या बाजूनेही काहीतरी वाहत जातं, एवढं जाणून ऐक.

माणसं एकमेकांचं मन प्रत्यक्षात किती ओळखतात, हे टेक्सासमधले विल्यम आयक्स यांनी फार कष्टाने मोजलं आहे. दोघांचं बोलणं चित्रित करायचं. नंतर प्रत्येकाने ते एकट्याने बघायचं आणि जिथे जिथे मनात काही आलं होतं तिथे थांबवून ते लिहायचं. मग त्याच जागी दुसऱ्याने ओळखायचं की याच्या मनात काय होतं. अनोळखी माणसांत हे साधारण २० टक्क्यांच्या आसपास जुळतं, मित्रांत ३०च्या आसपास. बरीच वर्षं संसार केलेल्यांतही ते फार वर चढत नाही. मित्र थोडे पुढे जातात कारण त्यांना मागचं-पुढचं ठाऊक असतं. एक नाव नुसतं उच्चारलं तरी त्यामागची सगळी हकिगत त्यांच्यापाशी असते. शिवाय अशा अभ्यासांत सगळ्यात जास्त मदत होते ती माणूस उच्चारतो त्या शब्दांची. आवाजाचा चढउतार, चेहरा, हातवारे हे त्याच्यामागून येतात. क्राउस यांचं मघाचं म्हणणं याच्या आड येत नाही. भावनेचा रंग आवाज सांगतो, विचार शब्दच सांगतात.

इथवरचं सगळं वर्गात बसूनही बोलता आलं असतं. पण तुझ्या खुर्चीवर चुकीचा अंदाज म्हणजे एखाद्याचा जीव असू शकतो. माणूस स्वतःचं काही बरंवाईट करेल की नाही, हे आधी ओळखण्याच्या प्रयत्नांचा आढावा जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली घेतला. ५० वर्षांतले ३६५ अभ्यास त्यांनी एकत्र पाहिले, आणि शास्त्रीय मोजमापांनी केलेली भाकितंसुद्धा नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी निघाली. त्या पार्श्वभूमीवर ‘मला आतून वाटलं, हा तसं काही करणार नाही’ या वाक्याची मला भीती वाटते. ते अनुभवी माणसांच्या तोंडून येतं, म्हणून जास्तच.

त्याऐवजी विचारायचं. सरळ, न अडखळता, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं. प्रशिक्षणात हे तुला शिकवलं आहे, आणि तरी पहिल्या वेळी जीभ अडते हेही तू लिहिलं आहेस. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी असल्याचं संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. पुष्कळांना उलट मोकळं वाटतं. कित्येक माणसं कुणीतरी हा प्रश्न विचारील म्हणूनच फोन हातात घेतात. त्यांना ओळखून घ्यायचं नसतं. त्यांना सांगायचं असतं.

मग तुझ्या त्या आतल्या जाणिवेचं काय करायचं? ती दडपू नकोस. कुठे विचारायचं, हे तीच दाखवते. वाक्य घाईने ओलांडलं गेलं हे तू ऐकलंस, म्हणून तर तिथे थांबून ‘मघाशी घरचा विषय निघाला आणि तुम्ही पुढे गेलात. त्याबद्दल बोलायचं आहे का?’ असं म्हणता येतं. ज्याला ती घाई ऐकूच आली नाही तो हे कुठून विचारणार? कार्ल रॉजर्स यांच्या नावावर ‘समोरच्याच्या भावना प्रतिबिंबित करणं’ हे तंत्र जगभर शिकवलं गेलं, आणि उतारवयात त्यांनीच लिहिलं की आपण तसं काही करत नव्हतो. आपल्याला समजलं ते बरोबर आहे का, एवढंच समोरच्याकडून पडताळून घेत होतो. आयुष्यभर इतक्या माणसांना इतकं जवळून ऐकलेल्या माणसाने शेवटपर्यंत निर्णय समोरच्याच्या हाती ठेवला. त्यांचं मोठेपण मला यातच दिसतं.

निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१८ सालचं कामही बघ. २५ प्रयोग केले त्यांनी. ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा’ असं सांगितल्याने लोकांचे अंदाज सुधारले नाहीत. त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून, विचारून घेतल्यावर सुधारले. आपण मुलांना सदान्‌कदा सांगतो ना, दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार कर? त्याने माया वाढते, आणि माया हवीच. पण त्याच्या जागी आपण गेलो तरी तिथे बसलेले आपणच असतो.

एक कर. फोन चालू असताना तुझा अंदाज समोरच्या कागदावर दोन शब्दांत टिपून ठेव आणि तोंडाने उच्चारू नकोस. ‘ना?’ न जोडता, मोकळा प्रश्न विचार. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत खाली लिही, म्हणजे दोन्ही शेजारीशेजारी दिसतील. महिनाअखेरीला ते कागद तुझ्या वरिष्ठ बाईंसमोर ठेव. नावं अर्थातच नकोत. अंदाज कुठे बरोबर येतात आणि कुठे सारखे एकाच बाजूला झुकतात, ते मलाही कळव. माझी अटकळ अशी की वडिलांबद्दलचे तुझे अंदाज वेगळे काढून बघावे लागतील. ती बरोबर की चूक, हे तूच सांगू शकशील.

आयक्स यांचं पुस्तक माझ्याकडे आहे, दिवाळीला आलीस की घेऊन जा. ताई म्हणते, रात्रपाळीनंतर तुला झोप लागत नाही. कशामुळे, ते तू मला लिही. सवडीने लिही, पण लिही.

तुझी,
मावशी