भाईजानचा ८०८५ आणि अब्बांची चादर

सोलापुरी चादरीवर फूल कसं उमटतं, हे आमच्या शहरातल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड बसलेलं असतं आणि त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला हुक वर जातो, त्याच्याबरोबर उभा धागा. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास आणलं. १८३९ मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, तेव्हा सुमारे चोवीस हजार कार्डं लागली होती. इंग्लंडमध्ये गणकयंत्राचे आराखडे काढत बसलेल्या चार्ल्स बॅबेजकडे त्या चित्राची एक प्रत होती, आणि आपल्या यंत्राला हुकूम द्यायला त्यानेही भोकांची कार्डंच निवडली. नातं इतकं जुनं आहे.

आमच्या घरात माग आणि कॉम्प्युटर भेटले ते १९९२ साली. अब्बा जकार्डची कार्डं पाडायचे. कार्ड कायमचं टिकत नाही. भोकांच्या कडा फाटतात, पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, मग तीच माळ पुन्हा पाडावी लागते. भाईजान तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यांनी प्रोजेक्ट म्हणून झिरो पीसीबीवर हाताने तारा जोडून इंटेल ८०८५ चा एक बोर्ड बनवला. अब्बांची एक अख्खी चादर त्यात ठेवायची आणि बटण दाबलं की एकेका कार्डाची भोकं आठ-आठ दिव्यांवर दाखवायची, एवढंच त्याचं काम. दिवा लागला तर भोक, नाही तर कोरं. अब्बा दिवे बघून पंच मारायचे.

हिशोब सांगतो. २४० हुकांचं जकार्ड म्हणजे एका कार्डाला ३० बाइट. कार्डं २५०. एकूण साडेसात हजार बाइट, २७६४ नावाच्या आठ किलोबाइटच्या ईप्रॉममध्ये बसणारे. ते भरायला कित्येक रात्री गेल्या. अब्बा जुन्या कार्डावर बोट फिरवत बोलायचे, "भोक, भोक, कोरा, भोक," आणि भाईजान लिहून घ्यायचे.

पुढे माग विकले गेले, कार्डं रद्दीत गेली, अब्बाही गेले. भाईजान दम्मामला. बोर्ड अम्मींच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून राहिला. यंदा अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक कारखानदार मित्र म्हणाले, "अब्बांच्या डिझाइनची फाइल आण, इलेक्ट्रॉनिक जकार्डवर दोन-चार चादरी विणून देतो." भाईजानच्या मुलीचं लग्न ठरलंय. फाइल म्हणजे तो ईप्रॉम, आणि दुसरी प्रत कुठेच नाही.

यंत्रमागांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे बोर्डाला वीज देण्याआधी दोन्ही ईप्रॉम काढून प्रोग्रामरवर वाचून घेतले, एक भाईजानच्या प्रोग्रामचा आणि दुसरा डिझाइनचा. ईप्रॉममध्ये शून्य म्हणजे कोंडून ठेवलेला विजेचा भार. तीस वर्षांत तो झिरपतो आणि शून्याचा एक होतो. वर चिपच्या काचेवरचा कागद सुटलेला. डिझाइनची चिप तीनदा वाचली, तीनदा पाच बाइट वेगवेगळे आले. व्होल्टेज पाचावरून साडेचारावर आणलं, तेव्हा ते पाचही स्थिर झाले. अर्धवट भार कमी व्होल्टेजवर पुन्हा शून्य म्हणून वाचला जातो, हे या धंद्यातल्या जुन्या लोकांना माहीत असतं. पण जिथला भार पुरता गेलाय तो बिट हलत नाही. तो शांतपणे खोटा एक सांगत राहतो. डिझाइनच्या भाषेत, नसलेलं भोक.

प्रोग्राम वाचून बाइटचा क्रम कागदावरही लावता आला असता. भाईजानने सम क्रमांकाची कार्डं उलट्या टोकाने भरली आहेत, म्हणजे अब्बांचा हात परत मागे न्यावा लागू नये. पण मला बोर्ड चालू झालेला बघायचा होता, हेही खरं.

जुना बोर्ड बंद दिसला की लोक आधी प्रोसेसर बदलतात. माझं मत उलटं आहे, प्रोसेसर शेवटी. ८०८५ बाजारात आला १९७६ मध्ये, आणि १९९७ मध्ये मंगळावर उतरलेली सोजर्नर गाडी त्याच्याच सीमॉस भावंडावर चालली. ही चिप सहजासहजी मरत नाही. मरतात ते कपॅसिटर. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ट्रंकेत काय होत असेल! पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर आटून गेला होता, तो बदलला. मग मेमरी सगळी काढून डेटाच्या आठही तारा रेझिस्टरने ग्राउंडला बांधल्या. आता प्रोसेसरला प्रत्येक पत्त्यावर शून्यच वाचायला मिळतं, आणि ८०८५ च्या भाषेत शून्य म्हणजे काही न करता पुढे चल. तो मुकाट्याने पत्ते मोजत सुटतो. ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आत निम्मा होतो, प्रत्येक पावलाला चार ठोके, ६५,५३६ पावलांची एक फेरी. सर्वांत वरच्या पत्त्याच्या तारेवर लावलेला दिवा सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकायला हवा. लुकलुकला.

मेमरी परत बसवली आणि दिव्यांवर अब्बांचं पहिलं कार्ड आलं. तीन तास चाललं. दुपारी दोनच्या सुमारास बोर्ड गोठला.

दुसऱ्या दिवशीही तीच वेळ. आधी उन्हावर संशय घेतला, पण संध्याकाळी आठला, थंड झाल्यावरही गोठला. शेजारच्या शेडला सुट्टी होती त्या दिवशी मात्र बोर्ड सकाळपासून रात्रीपर्यंत हूं की चूं न करता चालला. शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर आणि पाळी बदलताना सगळ्या मागांच्या मोटरी एकदम सुरू होतात. म्हणजे धक्का लाइनमधून किंवा हवेतून येतोय. पण आत शिरतो कुठून?

अब्बा नवीन कामगाराला सांगायचे, "पहले कपडा देख, माग बाद में देख." दोष कापडात ज्या अंतराने परत येतो, ते अंतरच हुक दाखवतं. मीही कापड बघितलं. गोठल्यावर वीज न घालवता फक्त रीसेट दाबला आणि रॅम उघडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच नक्षी, ३९ ०० ३९ ०० ३९ ००.

ही नक्षी ओळखीची आहे. ईप्रॉमच्या रिकाम्या जागेत सगळे एक असतात, म्हणजे एफएफ. ८०८५ ने एफएफ वाचलं की तो परतीचा पत्ता रॅममध्ये लिहून ००३८ वर उडी मारतो. तिथेही रिकामं असेल तर पुन्हा एफएफ, पुन्हा ००३९ हा परतीचा पत्ता, पुन्हा तीच उडी. काही क्षणांत सगळी रॅम त्या एका पत्त्याने भरून जाते. प्रोसेसर रिकाम्या खोलीत शिरला होता एवढं कळलं. कोणत्या दाराने, ते नाही.

रिकाम्या जागेकडे जाणारं संशयास्पद दार होतं ००२४. ८०८५ च्या सहा नंबरच्या पायाला ट्रॅप म्हणतात. त्यावर इशारा आला की हातातलं काम सोडून ००२४ वर जावंच लागतं, प्रोग्रामला मनाई करता येत नाही. वापरायचा नसेल तर तो पाय ग्राउंडला बांधतात, आणि भाईजानने बांधलेला होता. तरी २८सी६४ वर प्रोग्रामची प्रत घेतली आणि ००२४ वर चार ओळी घातल्या, इथे आलास तर चौथ्या पायावरचा दिवा लाव आणि थांब. मग चहा घेऊन दोन वाजायची वाट बघत बसलो. शेड सुरू झाली, दिवा लागला.

भिंगाखाली सहाव्या पायाच्या डागाभोवती केसासारखी गोल चीर दिसली. तीस उन्हाळ्यांच्या तापण्या-निवण्याने डाग पायापासून सुटला होता. पाय अधांतरी, म्हणजे पत्र्याच्या छपरावर लावलेली अँटेनाच. डाग नव्याने दिला, वर ग्राउंडची स्वतंत्र तार ओढली. हात लागलाच होता म्हणून प्रत्येक चिपच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर दिले, सॉकेट बदलले, रीसेटला श्मिट ट्रिगर लावला, आणि ००३८ वर अशी उडी लिहिली की पुन्हा भरकटला तरी सुरुवातीला परत येईल. डिझाइनही २८सी६४ वर उतरवलं. २७६४ च्या खाचेत ती जशीच्या तशी बसते. मूळ चिपच्या काचेवर काळी पट्टी लावून ती डबीत ठेवली.

राहिले ते खोटे एक. चादरीचं फूल वरून खाली जसं उमलतं तसंच उलटं मिटतं, म्हणून पहिल्या २३० कार्डांत चाळीसावं आणि एकशे एक्याण्णवावं कार्ड सारखंच असायला हवं. अशा ११५ जोड्या ताडून बघितल्या. तीन ठिकाणी एका कार्डावर भोक आणि जोडीदारावर कोरं निघालं. तिन्ही मिटवली. शेवटच्या वीस कार्डांना मात्र जोडीदार नाही. त्यात कोपऱ्यातला मार्का आहे, अब्बांच्या नावाची दोन अक्षरं. तिथे आरसा चालत नाही, मूळ कापडच हवं.

आपा अक्कलकोटला असते. तिच्या जहेजमधली त्याच डिझाइनची चादर अजून गादीखाली आहे, धुऊन धुऊन रंग गेलेली. मी बोर्ड, बॅटरी आणि भिंग घेऊन गेलो. तिने चादर अंथरली, मी एकेक कार्ड लावत गेलो, ती भिंगातून धागा बघून सांगत गेली. "भोक, भोक, कोरा." आवाज अगदी अब्बांचा काढत होती, मुद्दाम.

२४३ व्या कार्डाच्या अकराव्या बाइटवर दिवा लागला आणि ती थांबली. चादरीवर तिथे धागा खाली होता. तिने दोनदा बघितलं, मग माझ्या हातात भिंग दिलं. मी बघितलं, खालीच होता. तिथे शून्य लिहिलं आणि पुढचं कार्ड लावलं.