पाटी आणि घर

'शॉर्टकट' हा शब्द आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे लोकल गाडीने जोडलेली आहेत. घाईच्या वेळी पुलाचा जिना चढण्याचा कंटाळा येतो आणि कोणीतरी सरळ रूळ ओलांडू लागतो. 'शॉर्टकट आहे', असे वर सांगतोही. हा शॉर्टकट कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात जिवाला धोका आहे. आज मी ज्या शॉर्टकटविषयी सांगणार आहे, तो मात्र संगणकाच्या पडद्यावर असतो. त्याने कोणाचा जीव जात नाही. पण तो नीट ओळखता आला नाही, तर एखादी मोलाची वस्तू कायमची हरवू शकते.

संगणक सुरू केला की समोर जो पडदा दिसतो, त्याला 'डेस्कटॉप' म्हणतात. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. कचेरीतल्या टेबलावर कागद आणि फायली असतात, तशी छोटी छोटी चित्रे त्याच्या पडद्यावर मांडलेली होती. पुढे २४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज ९५' ही प्रणाली आली. तिच्यामुळे डेस्कटॉपवरचे शॉर्टकट सामान्य माणसांच्या ओळखीचे झाले.

शॉर्टकट म्हणजे काय? शॉर्टकट म्हणजे रस्त्यावरची पाटी. 'दवाखाना इकडे आहे' अशी पाटी आपण पाहतो. पाटी म्हणजे दवाखाना नव्हे. ती फक्त वाट दाखवते. तसेच डेस्कटॉपवरचे चित्र दाबले की संगणक आत कुठेतरी ठेवलेल्या प्रोग्रॅमपर्यंत किंवा फाइलपर्यंत आपल्याला नेतो. कोणी पाटी काढली म्हणून दवाखाना पडत नाही. त्याचप्रमाणे शॉर्टकट पुसला तरी मूळ प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो. नवा प्रोग्रॅम बसवला की तो बहुधा आपली एक पाटी डेस्कटॉपवर लावून ठेवतो. अशा पाट्या वाढत जातात आणि एक दिवस पडदा भरून जातो.

आमच्या शाळेतली आठवीची एक विद्यार्थिनी अंबरनाथला राहते. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, दादाजानांचा संगणक फार सावकाश चालतो. अम्मी म्हणते, पडद्यावरचा सगळा पसारा काढून टाक, नाहीतर ईदच्या आधी तो भंगारवाल्याला देऊन टाकू. सगळे पुसू का?"

मराठीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. ती मात्र आपल्या आजोबांविषयी बोलत होती. तिचे आजोबा कातिब होते. उर्दू मजकूर ते बोरूने, सुंदर नस्तालीक अक्षरात लिहीत. १९९० नंतरच्या काळात उर्दू छपाईसाठी 'इनपेज' हा प्रोग्रॅम आला आणि कातिबांचे काम कमी होत गेले. तेव्हा हे आजोबा हताश होऊन बसले नाहीत. उतारवयात ते इनपेज शिकले आणि लग्नपत्रिका, जाहिराती संगणकावर तयार करू लागले. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे राहिला तो त्यांचा जुना संगणक.

मी तिला म्हटले, "पूस बेटा, पण घाई करू नकोस. आधी प्रत्येक चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. तिथे छोटा बाण असेल, तर ती पाटी आहे. बाण नसेल, तर ती मूळ फाइल असू शकते. वहीत दोन याद्या कर. ज्यांना बाण आहे, त्यांच्यावर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघड. ती पाटी कोणत्या जागेकडे बोट दाखवते, ते तिथे 'टार्गेट' या शब्दापुढे लिहिलेले असते."

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. डेस्कटॉपवर ४३ चित्रे होती. त्यांपैकी ३६ चित्रांना बाण होता. उरलेल्या सातांपैकी दोन चित्रे संगणकाची स्वतःची होती आणि पाच इनपेजच्या फायली होत्या. चार फायलींत लग्नपत्रिका होत्या. पाचवीत आजोबांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यांचे वडील अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात कामाला कसे लागले, तिथपासून ती हकिकत सुरू होत होती. घरात कोणालाही या लिखाणाची कल्पना नव्हती. सगळा पसारा डोळे मिटून पुसला असता, तर ही फाइलही पुसली गेली असती.

पण ती हकिकत मधेच तुटली होती. पुढचा भाग सापडला तो एका पाटीमुळे. बाण असलेल्या ३६ चित्रांत एकाचे नाव 'बाकी' असे होते. त्याचे टार्गेट वाचल्यावर संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यातले, म्हणजे 'डी ड्राइव्ह'वरचे एक फोल्डर सापडले. आठवणींची उरलेली पाने त्यात होती. ती पाटी न वाचता पुसली असती, तरी फोल्डर जागेवरच राहिले असते. पण ते तिथे आहे हे कोणाला कळले असते? संगणकाबरोबर तेही भंगारात गेले असते.

तिने सगळी पाने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मगच बाकीचे ३५ शॉर्टकट काढले. संगणकाचा वेग मात्र फारसा वाढला नाही. एक शॉर्टकट साधारणपणे एकदोन किलोबाइट जागा घेतो. त्याचे ओझे ते किती! प्रोग्रॅमच नको असेल, तर तो 'अनइन्स्टॉल' करावा लागतो. पडदा स्वच्छ करण्याचा फायदा वेगळा आहे. गर्दी हटली की जे कामाचे आहे ते डोळ्यांना दिसते.

काढलेल्या ३५ पाट्यांपैकी काहींच्या मागे घरच उरले नव्हते. त्यांचे प्रोग्रॅम केव्हाच काढून टाकलेले होते. अशा पाट्या गावातही असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण आजही आपण 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतो. ही पाटी कोणी काढू नये, कारण तिच्यामुळे गावाचा इतिहास कळतो. जुन्या खेळाची किंवा मोडलेल्या प्रिंटरची पाटी मात्र खुशाल काढावी. कोणती पाटी ठेवायची आणि कोणती काढायची, हे ती वाचल्यावरच ठरवता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही आपला डेस्कटॉप आवरा. नको असलेल्या शॉर्टकटवर माऊसचे उजवे बटण दाबा आणि 'डिलीट' निवडा. तो 'रीसायकल बिन' या टोपलीत जाईल. चुकून नको ते गेले, तर टोपली रिकामी करण्यापूर्वी 'रिस्टोअर' म्हणा. ते परत येईल. 'शिफ्ट' आणि 'डिलीट' या दोन कळा एकत्र दाबल्या, तर मात्र वस्तू टोपलीत न जाता थेट पुसली जाते. काही काढावेसे वाटते, पण मनात शंका आहे, अशा वेळी एक वेगळे फोल्डर करून ते त्यात ठेवा. २००१ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'तही अशी सोय होती. ६० दिवस न वापरलेले शॉर्टकट ती पुसत नसे. विचारून एका बाजूच्या फोल्डरात हलवत असे.

आणि शाळेचा संगणक असेल, तर आधी शिक्षकांना विचारा. तुम्हांला नको असलेली पाटी दुसऱ्या एखाद्या मुलाला त्याच्या कामापर्यंत नेत असेल.