बाइटांचा क्रम आणि त्याची पारख
चार बाइटांचा पूर्णांक स्मृतीत मांडताना सर्वांत मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवायचा की सर्वांत लहान, हे प्रोसेसरच्या रचनेवर ठरते. पहिल्या मांडणीला बिग-एंडियन आणि दुसरीला लिट्ल-एंडियन म्हणतात. सी भाषेत ती ओळखण्याची रूढ युक्ती अशी, की पूर्णांकात १ भरावा, त्याच्या पत्त्याकडे कॅरेक्टर पॉइंटरमधून पाहावे आणि पहिला बाइट १ निघाला तर यंत्र लिट्ल-एंडियन मानावे. कोणत्याही चलाचे बाइट कॅरेक्टर प्रकारातून वाचण्याची मुभा भाषेनेच दिलेली असल्याने ही युक्ती नियमात बसते.

पहिला बाइट शून्य आला म्हणजे यंत्र बिग-एंडियनच, हे गृहीतक मात्र कच्चे आहे. पीडीपी-११ या जुन्या संगणकावरील सी कंपायलर ३२ बिटांच्या पूर्णांकाचा वरचा अर्धा भाग आधी ठेवी, पण प्रत्येक अर्ध्यातले बाइट उलटे मांडी, त्यामुळे षोडशमान ०१०२०३०४ ही संख्या तिथे ०२ ०१ ०४ ०३ अशी पडे. आज नडते ते वेगळेच: एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी प्रोग्रॅम बांधताना ही चाचणी बांधणीच्या यंत्रावर चालवली, तर उत्तर त्याच यंत्राचे मिळते. म्हणून जीसीसी कंपायलरचे पूर्वनिश्चित मॅक्रो किंवा सी++२० मधील एंडियन हा प्रकार अधिक भरवशाचा, कारण तिथे लक्ष्ययंत्राबद्दल खुद्द कंपायलरच बोलतो.

तरीही कसलेला प्रोग्रॅमर ही चौकशी शक्यतो टाळतो, कारण बहुतेक वेळा प्रश्न यंत्राचा नसून आलेल्या माहितीचा असतो. पीएनजी चित्राची रुंदी फाइलमध्ये मोठा बाइट आधी अशीच लिहिलेली असते. पहिला बाइट २४, दुसरा १६ आणि तिसरा ८ बिटांनी डावीकडे सरकवून चौथ्याशी जोडला, की कोणत्याही यंत्रावर तीच संख्या तयार होते. सरकवण्यापूर्वी प्रत्येक बाइट ३२ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात न्यावा लागतो, एवढे पथ्य पाळायचे, कारण एरवी तो चिन्हयुक्त पूर्णांक बनतो आणि २४ स्थानांवर चिन्हाच्या बिटाला धक्का लागतो. हे सरकवणे संथ असेल ही शंका आता जुनी झाली. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर ही घडण ओळखून एकाच वाचनाची आणि गरज पडल्यास बाइट उलटवण्याची सूचना लिहितात.

मोठ्या सरण्या जशाच्या तशा उचलायच्या असतील, तेव्हा क्रमाची पारख खरोखर लागते. पण तिथे बिग-एंडियनसाठी लिहिलेली शाखा बहुतेकांच्या टेबलावरील लिट्ल-एंडियन यंत्रांवर कधी चालतच नाही, आणि आयबीएमच्या एस३९० मालिकेसारख्या यंत्राची नक्कल क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये उभी करून ती तपासण्याचे कष्ट फार थोडे प्रकल्प घेतात.