'मॅश'मधील हरवलेले वर्ष

कोरियातील युद्ध जून १९५० ते जुलै १९५३ असे सदतीस महिने चालले. त्यातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयावरची 'मॅश' ही विनोदी मालिका मात्र १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे. कालक्रमाची ओढाताण तिथूनच सुरू होते. चौथ्या पर्वात कर्नल पॉटर छावणीत रुजू होतात ती तारीख १९ सप्टेंबर १९५२. पुढे 'अ वॉर फॉर ऑल सीझन्स' या भागात १९५१चे अख्खे वर्ष उलगडते आणि त्याच्या पहिल्याच रात्री पॉटर प्रमुख म्हणून हजर! वर्षाबद्दल शंकेला जागाही नाही, कारण छावणीतला शल्यविशारद विंचेस्टर ज्या बेसबॉल स्पर्धेवर पैज हरतो, ती जायंट्सने डॉजर्सवर मात केलेली १९५१चीच. घोळ केवळ तारखांचा नाही. मालिकेचा नायक, शल्यविशारद हॉकआय, याला सुरुवातीच्या भागांत आई आणि बहीण आहे. नंतर तो एकुलता एक, आई बालपणीच गेलेली. ही चूक तारखेच्या घोळापेक्षा जास्त खुपते. पण आईविना वाढलेला हॉकआयच अधिक खरा वाटतो. वडिलांना लिहिलेल्या त्याच्या पत्रांतला ओलावा त्या पोरकेपणामुळे जास्त गहिरा होतो. छावणीतल्या माणसांचे पिकलेले केस मात्र कुठल्याच तारखेत बसत नाहीत.