भरतीवर बेतलेला दिवस

कुलाब्याला 1875 साली सुरू झालेला ससून डॉक असो की रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर, मासळी उतरवून बोट धक्क्याला लागली म्हणजे तिच्यावरच्या खलाशांचा मुक्काम किनाऱ्यावर हलतोच असे नाही. ज्याचे घर दूरच्या जिल्ह्यात, क्वचित नेपाळात असते, तो खलाशी दोन फेऱ्यांमधले दिवसही बोटीवरच काढतो, आणि याच दिवसांत डिझेल, पाणी, बर्फ, शिधा, जाळ्याची डागडुजी, इंजिनाची देखभाल अशी सगळी कामे उरकायची असतात. यांतले एकेक काम सुटे पाहिले तर कोणालाही जमण्यासारखे आहे. कसब आहे ते कोणते काम कोणाच्या आधी आणि भरतीच्या कोणत्या वेळेला करायचे हे जाणण्यात.

भरतीच्या वेळेचा जुना हिशेब तिथीवरून होतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते आणि पुढे रोज सुमारे 50 मिनिटांनी लांबत जाते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईच्या बंदरात पाणी चार मीटरांहून अधिक खाली-वर होत असल्याने भरतीला जी बोट धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला असते, तीच ओहोटीला दोन पुरुष खाली जाते. भरलेला गॅस सिलिंडर किंवा तांदळाचे पोते अशा वेळी खाली उतरवणे म्हणजे कंबर मोडून घेणे होय. शिवाय धक्क्याला जागा अपुरी, त्यामुळे बोटी एकीला एक लागून उभ्या राहतात आणि चौथ्या बोटीचा शिधा पहिल्या तिघींच्या फळीवरून न्यावा लागतो. तिथे कोणाचे जाळे पसरलेले असेल तर त्यावर पाय न देण्याचा अलिखित रिवाज आहे, तो मोडणाऱ्याला पुढच्या खेपेस वाट मिळत नाही.

दोरांचेही तसेच आहे. बोट बांधलेला दोर आखूड ठेवला तर ओहोटीला ती दोरालाच लटकू पाहते, अधिक सैल सोडला तर भरतीला शेजारणीवर जाऊन घासते आणि मध्ये टांगलेल्या जुन्या टायरांचाही उपयोग होत नाही. म्हणून सगळे बाजारात गेले तरी एक जण बोटीवर थांबतोच. वरकरणी तो रिकामा बसलेला दिसतो, परंतु अधूनमधून दोर सोडणे-आवळणे आणि तळाशी झिरपून साचणारे पाणी पंपाने उपसणे ही त्याचीच जबाबदारी असते.

लाकडी बोटीच्या बाबतीत नवख्याला उलटी वाटणारी एक गोष्ट अशी की, फळ्यांना खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याची भीती अधिक असते. पावसाचे पाणी सांध्यांत मुरले की लाकूड कुजते, तर मीठ त्या कुजण्याला आळा घालते. आणि उन्हात फळ्या आकसून सांध्यांना फटी पडू नयेत म्हणून त्यांवर समुद्राचेच पाणी शिंपडतात. गोडे पाणी पिण्या-रांधण्यापुरते, मोजून वापरायचे, एवढा धडा पहिल्याच मुक्कामात मिळतो.

खरेदीच्या क्रमात डिझेल पुष्कळदा आधी येते, कारण तिथे कागदपत्रे आणि रांग असते, आणि त्याचा सांडलेला थेंब पोत्यातल्या पिठाला लागला तर पुढचे कित्येक दिवस भाकरीला वास येतो. त्यानंतर पाणी आणि शिधा. बर्फ मात्र सगळ्यांत शेवटी, कारण 1 किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, हाच गुण मासळी टिकवतो आणि धक्क्यावर वाट पाहत बसल्यास तो फुकट खर्ची पडतो. त्यामुळे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, निघण्याची भरती आधी ठरवतो आणि बर्फाची गाडी त्या बेताने बोलावतो. पाणी चढलेले असताना भुगा केलेला बर्फ पन्हळीतून थेट खणात, म्हणजे मासळी साठवायच्या कप्प्यात, घसरत जातो. खाली उतरलेला खलाशी फावड्याने तो कोपऱ्यांत सारत असतो आणि वरचा दुसरा तेवढ्यात दोर सैल करायला लागलेला असतो.