मानेवरचा उन्हाळा

मार्च लागला की माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या मानेवर, काखेत, जांघेत फोड उठत, फुटत, ओल्या चिरा पडत. अकोल्याचं ऊन, त्यात घाम. शर्टाची कॉलर आतून कायम डागाळलेली. घरचे, शेजारचे, मलम देणारा दुकानदार, सगळ्यांचं एकच: गजकर्ण आहे, नीट अंघोळ करत जा. दोन वेळा अंघोळ करणाऱ्या माणसाला हे आयुष्यभर ऐकावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

तिशी उलटल्यावर माझीही मान चिडली. बायॉप्सी झाली आणि आजाराचं नाव कळलं: हेली-हेली. अमेरिकेतल्या जॉर्जियात हेली आडनावाच्या दोघा डॉक्टर भावांनी १९३९ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. एटीपी२सी१ या जनुकात दोष असतो, पेशीतला कॅल्शियमचा पंप कमी पडतो आणि त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कातडी ढासळत्या विटांच्या भिंतीसारखी दिसते. अस्वच्छतेशी संबंध नाही, दुसऱ्याला लागण नाही. आणि आमच्या घरात अण्णांच्या टॉवेलला वेगळी खुंटी होती.

मलमं, गोळ्या झाल्या. शेवटी मानेवर कार्बन डायऑक्साइड लेसर केलं. त्वचेतलं पाणी त्याचा किरण शोषून घेतं, वरचा थर वाफ होऊन उडतो आणि खोलवर केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींतून नवी कातडी भरून येते. त्या पेशींतही जनुक तोच. तरी लेसर झालेल्या जागी आजार पुष्कळदा वर्षानुवर्षं फिरकत नाही. मला सर्वांत जास्त टोचल्या त्या भुलीच्या सुया. मग जळका वास, आणि पुढे कित्येक दिवस ओल्या पट्ट्या. आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. राहिला. मला तो चालतो. मे महिन्यात मी कॉलरचं बटण लावू शकतो.

हा लेसर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी घडवला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. अण्णा त्यांच्याच पिढीचे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेकीकडे हा सदोष जनुक गेला असण्याची शक्यता निम्मी. तिला मी सगळं सांगितलं आहे. तपासणी करायची की नाही, ते ती ठरवेल. थंडीत माझ्या काखेचं लेसर आहे. ती सोबत येणार आहे, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिने आत्ताच लिहून काढले आहेत.